सुटीची पाळी विकत घेतांना

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे एकत्र कुटुंबांत जे प्रश्न दरवर्षीं निघतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. कचेरींतील कोणी सोबती सांगत येतो कीं, "माझ्याजवळ अमुक कंपनीचे सुटीचे पॉइंट पडून आहेत, निम्म्याहून कमी किमतींत देऊन टाकतों, घेतां काय?" मुलांस डोंगर आणि समुद्र दिसूं लागतात, वडील मंडळींस बँकेंतील ठेव आठवते, आणि महाड-पोलादपूरकडचें घर असल्यास "त्यापेक्षां यंदां कुडपणास जाऊं" असें म्हणणारा एक पक्ष तेथें असतोच. सौदा स्वस्त दिसतो खरा. तो खरोखरच स्वस्त आहे काय, याचा विचार वाचकांबरोबर करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, या व्यवहारांत बहुधा घर विकत मिळत नाहीं. मिळते ती पाळी. आपल्याकडे भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर ज्याची त्याची पाण्याची पाळी ठरलेली असते. दुसऱ्याची पाळी घेऊं पाहणारा शहाणा मनुष्य किमतीच्या आधीं तीन गोष्टी विचारतो : वैशाखांत त्या पाळीस पाणी असतें काय, विहिरीची डागडुजी कोणाकडे, आणि इतर भागीदारांस हा नवा माणूस मान्य आहे काय. सुटीच्या पॉइंटांची सारी परीक्षा या तीन प्रश्नांत सामावलेली आहे.

ही कल्पना मूळची युरोपांतली. १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें 'हापिमाग' ही संस्था निघाली. अनेकांनीं पैसा एकत्र करावा, त्यांतून सुटीचीं घरें उभारावींत व तीं आळीपाळीनें वापरावींत, असा तिचा हेतु होता. १९७४ सालीं अमेरिकेंत 'आर. सी. आय.' ही अदलाबदलीची संस्था सुरू झाली आणि एका गांवची पाळी देऊन दुसऱ्या गांवची घेण्याची सोय झाली. आरंभीं ठराविक घर व ठराविक आठवडा असाच करार असे. पुढें त्याच्या जागीं पॉइंट आले : मोठें घर व गर्दीचे दिवस यांस पॉइंट अधिक, लहान घर व सुना हंगाम यांस कमी. डिस्ने कंपनीचा १९९१ सालचा क्लब प्रथमपासून याच पायावर उभा आहे. आपल्या देशांत स्टर्लिंग ही संस्था १९८६ सालीं व महिंद्रांची १९९६ सालीं निघाली. महिंद्रांच्या क्लबाचें रूढ सभासदत्व पंचवीस वर्षांचें, वर्षाकाठीं सात दिवसांचें. आणि हंगामांस जांभळा, तांबडा, पांढरा व निळा असे रंग ठरलेले.

पाळींत पाणी आहे काय?

शाळेंत जाणारीं मुलें ज्या घरांत आहेत, त्या घराची सुटी मे महिना, दिवाळी आणि नाताळ यांपलीकडे जाऊं शकत नाहीं. जुन्या बाजारांत मात्र सुन्या हंगामाचे हक्क सहज मिळतात. कारण ज्यांस ते उपयोगी पडले नाहींत, तेच ते विकावयास काढतात. तेव्हां "किती दिवस?" यापेक्षां "कोणते दिवस?" हा प्रश्न अधिक मोलाचा. शिवाय हक्क असणें निराळें आणि खोली मिळणें निराळें. मेच्या पहिल्या पंधरवड्यांत ज्या गांवीं जावयाचें, तेथें मागील दोन-तीन वर्षांत विकणाऱ्यास जागा मिळाली होती काय, हें त्याच्या नोंदींवरून पाहावें.

दिवसांप्रमाणेंच गांवाचाहि विचार हवा. कुडपण हें पोलादपूर तालुक्यांतलें सह्याद्रीच्या माथ्यालगतचें गांव. प्रतापगड व मकरंदगड यांच्या शेजारचा हा मुलूख. पावसाळ्यांत कड्यांवरून धबधबे सुटतात आणि ढग अंगणांत उतरतात. तानाजी मालुसऱ्यांच्या शेलारमामांचें हें गांव, अशी तिकडची परंपरा आहे. ज्याचें मन अशा ठिकाणीं रमतें, त्याला पॉइंटांचा काय उपयोग? पॉइंट चालतात ते कंपनीच्या वा तिच्याशीं करार असलेल्या वसतिगृहांतच. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास गेल्यावर पाहण्याचे 'पॉइंट' पुष्कळ आहेत. परंतु हे विकतचे पॉइंट कुडपणच्या ओटीवर कोणी घेणार नाहीं. तेथें आधीं निरोप धाडावा, तांदळाची भाकरी खावी आणि यजमानास रोख पैसे द्यावे, हाच व्यवहार. त्यांत गैरसोय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. २०२१ च्या जुलैंतील अतिवृष्टींत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता, ही गोष्ट पावसाळ्यांत तिकडे निघणाऱ्यानें विसरूं नये. मात्र बेत फिरला तर त्या वर्षाची वर्गणी तरी अंगावर पडत नाहीं!

डागडुजी कोणाकडे?

येथेंच पुष्कळांचा हिशेब चुकतो. खरेदीची किंमत एकदांच द्यावयाची असते. वार्षिक वर्गणी मात्र, सुटीस जा अथवा न जा, द्यावीच लागते आणि ती वाढत जाते. मूळ किमतींत जाहिराती, मेजवान्या, भेटवस्तु व दलालांचें कमिशन यांचा मोठा वांटा असतो. दुसऱ्या हातीं जातांना तो गळून पडतो, आणि वर्गणीस कंटाळलेला विकणारा मिळेल त्या किमतीस राजी होतो. स्वस्ताईचें रहस्य एवढेंच.

समजा, दहा वर्षें शिल्लक असलेला, वर्षास सात रात्रींचा हक्क १,००,००० रुपयांस मिळाला. हस्तांतराचा खर्च २०,००० आला व वर्गणी वर्षास २०,००० आहे. दहा वर्षांची वर्गणी २,००,००० धरून एकूण ३,२०,००० रुपये झाले. सत्तरहि रात्री उपभोगल्या तर एक रात्र सुमारें ४,५७० रुपयांस पडली. परंतु परीक्षा, आजारपण, लग्नकार्यें यांमुळें पन्नासच हातीं लागल्या तर तीच रात्र ६,४०० रुपयांस पडते. प्रवास व भोजन यांचा खर्च यांत नाहीं, आणि वर्गणींतील वाढहि धरलेली नाहीं. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. आपल्या कागदांतील खरे आंकडे त्यांच्या जागीं घालावे, आणि त्याच गांवीं त्याच दिवसांत भाड्यानें मिळणाऱ्या खोलीचा दर शेजारीं मांडावा. उत्तर आपोआप मिळेल.

भागीदारांची संमति

विकणाऱ्यानें पैसे घेतले म्हणजे हक्क आपला झाला, असें होत नाहीं. कंपनीची लेखी संमति आणि तिच्या दप्तरांत नांव चढणें, यांवांचून खरेदी पुरी होत नाहीं. कित्येक परदेशी करारांत, जुन्या हक्कशुफ्याप्रमाणें, त्याच किमतीस प्रथम विकत घेण्याचा अधिकार कंपनीनें स्वतःकडे राखलेला असतो. शिवाय मूळ सभासदाच्या साऱ्याच सवलती नव्या माणसाकडे येत नाहींत. डिस्नेच्या क्लबांत १९ जानेवारी २०१९ पासून जुन्या सभासदाकडून घेतलेले जुन्या वसतिगृहांचे पॉइंट 'रिव्हिएरा' व त्यानंतर निघालेल्या वसतिगृहांत चालत नाहींत. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनीं ही अट अवश्य वाचावी. तिकडील कित्येक करारांस मुदतच नसते, आणि वर्गणीचें ओझें पुढच्या पिढीच्या दाराशीं येऊन उभें राहतें.

या बाजारांत फसवणूकहि पुष्कळ होते. "तुमचे पॉइंट विकून देतों, आधीं फी भरा" असें सांगून पैसे घेणारे व मग दिसेनासे होणारे लोक सर्वत्र आढळतात. युरोपीय संघानें २००८ च्या निर्देशानें विक्री पुरी होण्यापूर्वीं अशी आगाऊ फी घेण्यास बंदी केली आणि ग्राहकास करार मोडण्यासाठीं चौदा दिवस दिले. आपल्याकडे या व्यवहारासाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. कंपनीच्या सेवेंत उणीव राहिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आयोगाकडे दाद मागतां येते; तथापि दाद मागण्यापेक्षां आधीं कागद वाचणें कमी त्रासाचें असतें. शिल्लक मुदत, थकलेली वर्गणी, उरलेल्या रात्री व हस्तांतराचें शुल्क हीं चार कलमें कंपनीकडूनच लेखी मागवावींत, आणि नांव चढेपर्यंत संपूर्ण रक्कम विकणाऱ्याच्या हातीं देऊं नये.

घरच्या मंडळींचा विचार

एकत्र कुटुंबास आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो. चार माणसांच्या खोलींत दहा माणसें मावत नाहींत. पैसा सामाईक तिजोरींतला, नांव एका भावाचें आणि मेचा आठवडा एकच. मग यंदां कोणीं जावें? अशा लहान गोष्टींतूनच मनें दुरावतात. घेणेंच असेल तर पाळीचा क्रम, वर्गणींतील प्रत्येकाचा वांटा आणि पुढें हक्क कोणाकडे जावा, हें आधींच कागदावर लिहून ठेवावें. ज्या घराचे दिवस ठरलेले, माणसें मोजकीं व आवडीचीं गांवें कंपनीच्या यादींत आहेत, त्या घरास ही दुसऱ्या हातची खरेदी मूळ खरेदीहून निश्चित हितावह होईल. ज्यांची सुटी दर वर्षीं नवी वाट शोधते, त्यांनीं ठेव मोडूं नये. तिच्या व्याजावर कधीं समुद्राकाठीं, कधीं कुडपणास जावें. तेथें हंगामास रंग नाहीं आणि यजमानास आधीं कळविलें म्हणजे दहाजणांचीहि पंगत बसते.