झावळीवरचं घर: दुबईचा किनारा, ऐकीव आणि खरा

दुबईच्या समुद्रात भराव घालून केलेल्या पाम जुमेरावर बंगला असलेल्या माणसाला आपलं बेट खजुराच्या झाडासारखं दिसतं का? नाही दिसत. संध्याकाळी तो मागच्या अंगणात येतो तेव्हा समोर वाळूची एक पट्टी असते, पुढे तळ्यासारखं निपचित पाणी आणि त्यापलीकडे शेजारच्या झावळीवरच्या बंगल्यांच्या पाठी: त्यांच्या पोहण्याच्या तलावांतले निळे दिवे, आरामखुर्च्यांवर टाकलेले टॉवेल. खजूर पाहायचा असेल तर त्यानेही पर्यटकांसारखं तिकीट काढावं आणि पाम टॉवरच्या 52 व्या मजल्यावर, 240 मीटर उंचीवर जावं. ज्या चित्रावर हा पत्ता जगभर खपला, ते चित्र आकाशातून काढलेलं आहे. जमिनीवर राहणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.

दुबईतल्या समुद्राकाठच्या घरांबद्दल मराठी घरांत बरंच बोललं जातं. सुट्टीवर आलेला भाचा सांगतो, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतल्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत चकचकीत माहितीपत्रक हातात पडतं, आणि व्हॉट्सॲप तर आहेच. ऐकलेल्यातलं बरंचसं साफ खोटं नसतं. अर्धं खरं असतं, आणि घोळ तिथेच होतो.

पहिली समजूत वाळूचीच. ‘वाळवंटच ते, वाळूला काय तोटा?’ तोटा होता. वाऱ्याने हजारो वर्षं घासून घासून वाळवंटातला कण बारीक आणि गुळगुळीत झालेला असतो. असे कण एकमेकांत अडकत नाहीत, पाण्यात टाकले तर घट्ट बसत नाहीत. म्हणून 2001 मध्ये पाम जुमेराचं काम सुरू झालं तेव्हा वाळू आणली ती आखाताच्या तळातून. व्हॅन ऊर्ड या डच कंपनीची ड्रेजर जहाजं तळ उपसत आणि ओली वाळू कमानीसारखी हवेत फेकत ठरलेल्या जागी टाकत. कुठे टाकायची याचा नेम उपग्रहांच्या साहाय्याने धरलेला. सुमारे 9 कोटी 40 लाख घनमीटर वाळू अशी पडली. मग लांबलचक कंपनदांडे खोल रोवून तो भुसभुशीत ढीग हलवून हलवून दाबला, कारण सैल ओली वाळू भूकंपाच्या हादऱ्याने पातळ चिखलासारखी वागू शकते. बाहेरून वेढा घातला तो सुमारे 70 लाख टन दगडांचा, 11 किलोमीटर लांबीचा चंद्रकोरी बंधारा.

आणि खजूरच का? निव्वळ शोभेसाठी नव्हे. दुबईचा नैसर्गिक किनारा जेमतेम 70 किलोमीटरचा. गोल बेट बांधलं असतं तर काठ थोडा आणि पोट मोठं झालं असतं, आणि पोटातल्या घरांना समुद्राचा भाव कोण देणार? झावळ्या काढल्या की तेवढ्याच वाळूत काठच काठ मिळतो. हा आकार चित्रकाराइतकाच हिशेबनिसाचा आहे.

समुद्राने मात्र हा हिशेब लगेच तपासला. बंधारा आधी सलग आखला होता. लाटा अडल्या, पण त्यांच्याबरोबर भरती-ओहोटीचं खेळतं पाणीही अडलं. झावळ्यांमधलं पाणी साचून राहणार, शेवाळणार, वास मारणार हे दिसू लागलं, तेव्हा बंधाऱ्याला दोन ठिकाणी खिंडारं ठेवावी लागली. बंगल्यामागचं पाणी आज स्वच्छ दिसतं ते त्या दोन वाटांमुळे. ‘एकदा बांधलं की झालं’ हेही त्यामुळे खरं नाही. या किनाऱ्यावर पाणी, वाळू, दगड, सगळ्यांवर कायम नजर ठेवावी लागते.

बेट बुडत चाललंय, ही बातमी दर दोन वर्षांनी ताजी होऊन येते. 2009 मध्ये उपग्रहाच्या मोजणीचा दाखला देत ते वर्षाला 5 मिलिमीटर खचत असल्याचं छापून आलं. नखील या विकासक कंपनीने ते नाकारलं. भराव थोडा बसतोच. पण बेटावरचं हॉटेल उद्या पाण्याखाली, असं त्यातून निघत नाही.

आता पैसा. ‘तेलाचा पैसा आहे, काय वाट्टेल ते करतील’ हे वाक्य इतकं रूढ आहे की कुणी तपासत नाही. अमिरातींतलं बहुतेक सगळं तेल अबुधाबीचं. दुबईला समुद्रातल्या फतेह क्षेत्रात तेल सापडलं 1966 मध्ये, पहिली निर्यात झाली 1969 मध्ये, आणि आज तिच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली आहे. शहराने मोठी उडी मारली ती तेलाआधी. दुबईची खाडी गाळाने भरत चालली होती. तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज काढून ती उपसायला घेतली आणि 1961 पर्यंत मोठी गलबतं आत येऊ लागली. तेल सापडायला अजून पाच वर्षं होती.

या जुन्या पाणवठ्याशी मुंबईचं नातं आजच्या ब्रोकरांपेक्षा खूप जुनं. आखातातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत. तिथलं चलन 1966 पर्यंत रुपया होतं. 1959 पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटाच छापत असे. आणि साठ-सत्तरच्या दशकांत दुबईत कायदेशीर विकलेलं सोनं गलबतांतून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बेकायदा उतरे. त्यातून निघालेल्या कथांवर मुंबईच्या सिनेमाने पुढे बरीच वर्षं पोट भरलं.

नव्या बेटांचा पैसा तेलाचा नव्हता, उधारीचा होता, हे 2009 मध्ये उघड्यावर आलं. नखीलची मालक असलेल्या दुबई वर्ल्डने नोव्हेंबरात धनकोंकडे सुमारे सहा महिन्यांची सवड मागितली आणि जगभरचे शेअरबाजार गडगडले. डिसेंबरात अबुधाबीने 1000 कोटी डॉलर दिले. त्यातले 410 कोटी नखीलच्या एकाच रोख्याची परतफेड करण्यात गेले. महिन्याभरातच, 4 जानेवारी 2010 ला, ‘बुर्ज दुबई’ म्हणून बांधलेल्या मनोऱ्याचं उद्घाटन झालं ते अबुधाबीच्या शासकाच्या नावाने: बुर्ज खलिफा. अधिक सांगायला नको. दुसरा खजूर, पाम जेबेल अली, 2002 मध्ये सुरू होऊन असाच ठप्प झाला आणि 2023 मध्ये पुन्हा बाजारात आला. जगाच्या नकाशासारखी सुमारे 300 बेटं मांडलेला ‘द वर्ल्ड’ तर किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर अजून बहुतांशी वाळूच्या ठिपक्यांचाच आहे.

खरेदीबद्दलच्या समजुतींची दोन टोकं आहेत. एक म्हणतं, परदेशी माणसाला तिथे काही घेता येत नाही. दुसरं म्हणतं, घर घ्या, नागरिक व्हा. परदेशी लोकांना मालकीहक्काने घर विकण्याची घोषणा 2002 मध्ये झाली, तिला नीट कायद्याचा आधार मिळाला 2006 मध्ये. म्हणजे सुरुवातीचे बंगले लोकांनी कायद्याआधी, शब्दावर घेतले होते. आजही हा हक्क ठरवून दिलेल्या भागांतच आहे. 20 लाख दिरहॅमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. तो राहण्याचा परवाना आहे. नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही.

‘करच नाही’ हे वाक्य ऐकून भारतातून घर घेणाऱ्याने जरा थांबावं. पगारावर प्राप्तिकर नाही, बरोबर. पण नोंदणीला किमतीच्या चार टक्के जातात. भाडेकरूच्या पाणी-विजेच्या बिलातच वार्षिक भाड्याच्या पाच टक्क्यांएवढं गृहशुल्क महिन्याच्या हप्त्यांनी वसूल होतं. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात, आणि ते घर इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावंच लागतं.

शिवाय सर्व्हिस चार्ज. तो दर चौरस फुटाला, दरवर्षी. आणि जाहिरातीत ‘चिलर फ्री’ असे दोन शब्द दिसतात, त्यांचा अर्थ इथल्या माणसाला पटकन लागत नाही. दुबईत अनेक इमारतींना एसी खिडकीत किंवा गच्चीवर नसतो. वस्तीभरासाठी एका ठिकाणी पाणी गार करून ते नळांनी घरोघर फिरवतात. त्या गार पाण्याचं बिल वेगळं. भाडेकरूच्या डोक्यावर ते नसेल तर घर चिलर फ्री. ऑगस्टमध्ये समुद्राचंच पाणी 33-34 अंशांवर जातं. हॉटेलं पोहण्याचे तलावसुद्धा थंड करतात. पिण्याचं पाणी समुद्राचंच, पण मीठ काढलेलं, कारण नदी नाहीच.

‘वॉटरफ्रंट’ या शब्दातही बरंच पाणी आहे. दुबई मरिना हा समुद्र नव्हे. तो वाळवंटात खणून समुद्राला जोडलेला, तीनेक किलोमीटरचा कालवा. बिझनेस बेपासून समुद्रापर्यंतचा 3.2 किलोमीटरचा कालवा 2016 मध्ये खुला झाला. काही वसाहती तर समुद्रापासून कितीतरी आत, हाताने केलेल्या तळ्याकाठी आहेत. माहितीपत्रकात शब्द एकच, पण भाव आणि खारा वारा वेगवेगळा. खणलेलं पाणी गरीब असतं असंही नाही. 2007 च्या फेब्रुवारीत मरिनाच्या काठाची भिंत फुटली आणि एका मनोऱ्याचा पायाचा खड्डा भरून गेला. तो मनोरा 2013 मध्ये पुरा झाला: तळापासून टोकापर्यंत 90 अंशांत पिळलेला, आजचा कायान टॉवर.

पुराची गोष्ट मात्र समुद्राकडून आली नाही. 16 एप्रिल 2024 ला दुबई विमानतळावर दिवसभरात सुमारे 142 मिलिमीटर पाऊस झाला. तिथली वर्षाची सरासरी 95 च्या आसपास. 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 मिलिमीटर आठवणाऱ्या मुंबईकराला हसू येईल, पण मुंबईला गटारं तरी आहेत. जिथे पावसासाठी वाहिन्याच फारशा घातल्या नव्हत्या तिथे महामार्गांवर गाड्या तरंगल्या, भूमिगत पार्किंग भरली. लगेच आवई उठली, ‘ढगांत मीठ फवारलं, त्याचं फळ.’ हवामान केंद्राने त्या वादळात फवारणी केल्याचं नाकारलं. तसंही फवारणी ढगातलं आहे ते पाणी थोडं जास्त पाडू शकते. ओमानमध्येही माणसांचे बळी घेणारं एवढं मोठं वादळ ती उभं करत नाही, आणि त्या वादळाचा अंदाज आधीच दिलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये दुबईने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी 3000 कोटी दिरहॅमची योजना मंजूर केली, 2033 पर्यंत पुरी करायची. काठावर राहणाऱ्याने समुद्र कुठल्या बाजूला आहे याबरोबर पार्किंग कितव्या तळघरात आहे हेही विचारावं.

‘समुद्र तिथे श्रीमंतांचाच’ हेही पुरतं खरं नाही. झावळीमागची वाळू बंगलेवाल्यांची, हॉटेलांची हॉटेलांकडे. पण काइट बीच, अल ममझर असे किनारे सगळ्यांना खुले आहेत. ज्यांनी भराव घातला, काच बसवली, त्यांतले पुष्कळ राहतात मात्र किनाऱ्यापासून दूर, मुहैस्ना भागातल्या कामगार वस्तीत. तिचं बोलीतलं नाव सोनापूर. मुंबईत या नावाने स्मशान ओळखलं जातं, हे ते नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला अमिरातींत बंदी आहे.

बर दुबईहून देऱ्याला जायला खाडीत अजून लाकडी अब्रा चालतात. मधोमध एकच लांब बाक, त्यावर दोन्हीकडे तोंड करून पाठीला पाठ लावून बसायचं, नावाडी मधल्या खळग्यात इंजिनाजवळ. होडी सुटली की तो हात पुढे करतो आणि प्रत्येकजण त्यात एक दिरहॅमचं नाणं ठेवतो. कठड्याला धरण्यासारखं फारसं काही नसतं. पाणी हात खाली केला तर बोटांना लागेल इतकं जवळ.