घाट उतरणारा केक

पहाटे ५
जानेवारीत कणकुंबीला हात आधी चुलीवर शेकावे लागतात, मगच पायपिंगची पिशवी धरता येते. आजचा केक डिचोलीच्या एका ख्रिस्ती लग्नाचा. तीन थर, फळांचा. रममध्ये मुरलेल्या मनुका, चेरी, काजू आणि संत्र्याची साल घालून थर नाताळच्या आधीच मंद आचेवर भाजून ठेवले होते. त्यावर काजूचं मार्झिपान लावून दोन दिवस सुकवलं आणि काल पांढरं आयसिंग चढवलं. मार्झिपान ओलं राहिलं तर काजूचं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर पिवळे डाग उमटतात. त्यावर इलाज नाही.

आज फक्त नक्षी. अंड्याचा पांढरा बलक, आयसिंग शुगर, लिंबाचा रस आणि चार थेंब ग्लिसरीन. ग्लिसरीन विसरलं की संध्याकाळपर्यंत आयसिंग इतकं कडक होतं की सुरी शिरत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ते तसंच असे. एकटीच्या मनगटाने केक कापला जात नसे, म्हणून नवऱ्याने बायकोच्या हातावर हात ठेवायचा, अशी त्या रिवाजाची कथा सांगतात.

सकाळी ७
धुकं अजून खिडकीत आहे. खालच्या थराच्या कडेला जाळी काढते आहे. श्वास रोखून एक ओळ, मग पिशवी बाजूला, मग दुसरी.

केक पांढराच का, असं मला खूप जण विचारतात. सगळे कौमार्याचं, पावित्र्याचं सांगतात. तो अर्थ आहेच, पण त्याआधी पैशाची गोष्ट आहे. शुभ्र साखर म्हणजे पुन्हापुन्हा शुद्ध केलेली, म्हणून महाग. केक जितका पांढरा तितकं घर मोठं. १७६९ मध्ये एलिझाबेथ रॅफल्ड या बाईने आपल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि मग साखरेचा लेप द्यायची रीत छापली. मी या केकवर केलं ते तेच, फक्त बदामाच्या जागी गोव्याचा काजू. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात सुमारे १३६ किलोचा केक होता. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, १८५८ मध्ये, केक मजल्यांचा झाला, पण वरचे मजले निव्वळ साखरेचे होते. सगळे थर खाता येतील असा केक १८८२ मध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात आला.

सकाळी १०
शेजारच्या काकू रुखवताचं विचारायला आल्या. नातीचं लग्न जांबोटीला आहे. लाडू, चिरोटे, कानवले त्या स्वतः करणार. मधोमध ठेवायला साखरेचं तुळशीवृंदावन मला करून मागतात. मी हो म्हटलं. रुखवत आणि केक मला कधी वेगळे वाटलेच नाहीत. दोन्हींत मुलीकडची माणसं हाताचं कसब मांडून ठेवतात आणि नंतर ते घरोघर वाटलं जातं.

काकूंनी जाताना विचारलं, ‘वरचा मजला थर्माकोलचा का करत नाहीस गं? आमच्या भाचीच्या रिसेप्शनला तसाच होता.’ करतात खरे. युद्धकाळात इंग्लंडात साखर रेशनवर गेली. १९४० पासून आयसिंगच्या केकवर बंदीच होती, तेव्हा लोक पुठ्ठ्याचं खोटं आवरण भाड्याने आणून साध्या केकवर ठेवत. त्यांचा नाइलाज होता. आपल्याकडे साखरेची पोती भरलेली असताना थर्माकोल कापायचा, हे मला पटत नाही. १९४७ मध्ये, रेशन चालू असतानाच, राजकन्या एलिझाबेथच्या नऊ फुटी केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी साहित्य पाठवलं होतं. परक्या मुलींनी दिलेल्या साहित्याचा केक मला त्याच्या उंचीपेक्षा मोठा वाटतो.

दुपारी १२
दीर ओम्नी घेऊन आले. ‘वहिनी, मधल्या खोक्याखाली रबराची चटई घातली आहे.’ थर वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायचे आणि जोडायचे हॉलवरच. चोर्ला घाटाच्या वळणांवर जोडलेला केक टिकत नाही.

खरा त्रास हवेचा. कणकुंबीच्या गारव्यातला केक केरीला खाली उतरला की दमट उष्ण हवेत त्याला घाम फुटतो आणि नक्षी पाघळते. म्हणून खोकी बंदच ठेवायची आणि हॉलवर पोचल्यावरही अर्धा तास उघडायची नाहीत. अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की मी मागे वळून दोऱ्या तपासते.

दुपारी ३
डिचोली. खालच्या थरात आधाराच्या काड्या खोचल्या. काडी थराच्या उंचीएवढीच कापावी लागते. गव्हाएवढी कमी पडली तरी वरचा थर खालच्याला चेपतो. तीन थर बसले, सांध्यावर आयसिंगची माळ फिरवली, मग हात धुतले.

नवरीच्या आईने मला स्वयंपाकघरात नेऊन टोपलीभर बोल दाखवले. मैदा, माडाचा गूळ आणि खोबऱ्याचे हे जाड गोल केक मुलीबरोबर वज्यात, म्हणजे माहेरच्या भेटीत, सासरी जातात आणि तिथे शेजाऱ्यांत वाटले जातात. म्हणाल्या, ‘बाय, तुझा केक फोटोला, हे घराला.’ मी त्यांना सांगितलं की माझाही घरालाच आहे. खालचा थर मुद्दाम मोठा केला आहे, पाहुणा निघताना त्याच्या हातात तुकडा पडावा म्हणून.

प्राचीन रोमच्या उच्च कुळांत वधूवर गव्हाची पोळी देवाला वाहून आपसांत वाटून खात, तेव्हा ते लग्न पुरं होई. आपल्या पंगतीत नाव घेऊन एकमेकांना घास भरवतात, तेही तेच. लग्न लागलं हे लोक खाण्यावरून मानतात.

संध्याकाळी ५
केक कापायच्या आधीच निघालो, घाटात अंधार नको म्हणून. बटरपेपरच्या घड्या आणि पातळ सुरी नवरीच्या मावशीकडे देऊन आले. फळांचा केक अंगठ्याएवढ्या पट्ट्यांत कापायचा, जाड नाही, तेव्हाच तो सगळ्यांना पुरतो.

लग्नाचा केक सांगायला याल तेव्हा किती मजली हवा हे नंतर सांगा. किती घरांत वाटायचा आहे, हे आधी सांगा.