पहिलं कणीस

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी इथं इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि छावणी म्हटली की दफनभूमी आलीच. तिथं कर्नल वॉलेस नावाच्या अधिकाऱ्याची कबर, १८०९ सालची. आता गंमत ऐका. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की आसपासच्या गावचे लोक या साहेबाला ‘सतपुरुष’ मानायचे, आणि सुगी आली की नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणायचे. मेलेला साहेब ख्रिस्ती, नैवेद्य आणणारे शेतकरी हिंदू. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

ही नोंद वाचली तेव्हा मी थबकले. कारण कबर आणि पहिलं पीक ही जोडी ख्रिस्ती लोकांच्या सगळ्यात मोठ्या सणाच्या गाभ्यात आहे. त्या शेतकऱ्यांना ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

तो सण येत्या रविवारी आहे. ईस्टर. त्याच्या आधीच्या शुक्रवारी ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा मेसेज टाकणारे प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एकदोन असतातच (तुम्ही त्यातले असाल तर यंदा टाकू नका, तो येशूच्या मरणाचा दिवस आहे). नाताळ आपल्याला माहीत असतो, केक असतो, सुट्टी असते. ईस्टरचं काय करायचं ते कळत नाही. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे ऐकून मान डोलवायची की हसायचं?

हा प्रश्न जुनाच आहे. साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा त्या मंडळीतच काही जण म्हणत होते की मेलेले वगैरे काही उठत नसतात. पौल त्यांना गप्प बसवत नाही. तो उलट म्हणतो, तुमचं खरं असेल तर आमचं सगळंच फुकट गेलं, मग आमच्यासारखे कीव करण्याजोगे आम्हीच. धर्माच्या पुस्तकात इतका उघडा डाव मला फार ठिकाणी दिसलेला नाही.

आणि मग तो शेतीवर येतो. ज्यू लोक हंगामाची पहिली पेंढी देवापुढे न्यायचे. पहिली पेंढी म्हणजे सगळं पीक नव्हे, पण शेतात मागे बाकीचं उभं आहे याची ती खूण. पौल येशूच्या उठण्याला हेच नाव देतो, प्रथमफळ. एक कणीस हाती आलंय, म्हणजे बाकीचं येणार. पुढे तो दाण्याची गोष्ट काढतो: पेरता तो दाणा, उगवतं ते काही निराळंच, तरी ते त्याच दाण्याचं. शाळूच्या रानात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथं एक गल्लत होते, ती आधीच काढून टाकू. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मात जुनं शरीर सुटतं, दुसरं मिळतं, फेरा चालू राहतो. आत्मा अमर आहे, देह हे नुसतं वस्त्र, असंही ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही, निदान मुळात तरी नाही. ती म्हणते, हाच माणूस, हाच देह, पण बदललेला. शुभवर्तमानातला उठलेला येशू मासे खातो. त्याच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, आणि थोमा नावाचा त्याचा शिष्य ते पाहिल्याशिवाय मानायला तयार नाही. व्रण पुसले गेलेले नाहीत, ही गोष्ट मला कायम लक्षात राहते. मग दहन केलं तर काय, असा प्रश्न तुम्ही विचारालच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या त्या कवीला हाडं मोजून ठेवायची गरज वाटली नव्हती.

ठीक आहे, पण याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? मरणानंतर सगळं मिळणार असेल तर माणसं इथलं सोडून आभाळाकडे बघत बसतील, हा आक्षेप आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं वाचलेला असतो. माझाही तोच होता. त्याचं उत्तर शोधायला शिरूरहून न्हावऱ्यावरून खाली या, भीमा ओलांडा, चौफुल्याच्या अलीकडे-पलीकडे कुणालाही विचारा. दौंड तालुक्यातलं केडगाव. पुणे-दौंड शटलनं जात असाल तर हे स्टेशन तुम्ही शंभर वेळा ओलांडलं असेल.

इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे आणि इथंच त्यांची कबर आहे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना ‘समाजसुधारक’ म्हणून दोन गुणांसाठी वाचतो. जरा वय लावून वाचा. जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. म्हणजे तुमच्यातले जे एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांच्या वयाला या बाईचं घरचं कुणी उरलं नव्हतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मान खाली घालून ‘हो’ म्हणणाऱ्या त्या नव्हत्या. ज्यांनी त्यांना धर्माची शिकवण दिली त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून किती भांडण केलंय ते वाचण्यासारखं आहे. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, तर पटत नाही म्हणून लिहिलं. इकडे पुण्यात शारदा सदनवर धर्मांतराच्या आरोपाचं वादळ उठलं, तेही सोसलं. दोन्हीकडून टोचणी, आणि ही बाई आपला विचार स्वतः करत राहिली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. उपाशी मेलेल्या घरातून आलेली ही बाई उपाशी मुलींना आणायला निघाली. केडगावला माळरानावरची जमीन घेतली होती, तिथं त्या मुलींना आणलं. १९०० च्या सुमाराला तिथं दोन हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. विहिरी खणल्या. शेती, गाई, माग, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. ज्यांना घरच्यांनी जिवंतपणीच मेल्यात जमा धरलं होतं अशा विधवा तिथं खिळे जुळवायला शिकल्या, शिक्षिका झाल्या. आभाळाकडे बघत बसणाऱ्या बाईची ही कामं नव्हेत.

शुभवर्तमानात रिकामी कबर आधी बायकांना दिसते. त्या काळच्या त्या समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, पुरुष शिष्यांनीही आधी त्यांचं बोलणं उडवून लावलं. केडगावच्या मुलींनी ही गोष्ट ऐकली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

पण मला रमाबाईंची खरी ओळख पटली ती त्यांच्या शेवटच्या कामामुळे. पन्नाशीच्या आसपास त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल तेव्हा होतंच. पण खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं त्यांना हवं होतं. दुष्काळाचे हिशेब, आजारी मुली, ऐकू कमी येऊ लागलेलं, आणि त्यात हे काम पंधरा वर्षांहून अधिक चाललं. जुळणी-छपाई मुक्तीच्या बायकांनीच केली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळिशीची. मुक्तीचं काम पुढे तीच बघणार, हे गृहीत होतं. आता विचार करा. तुम्ही ६३ वर्षांच्या आहात, प्रकृती ढासळलीय, उरलेलं एकुलतं एक माणूस गेलंय, आणि टेबलावर प्रुफांचा गठ्ठा आहे. तुम्ही काय कराल?

रमाबाईंनी प्रुफं तपासली. काम संपेपर्यंत तेवढे दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर अकरा दिवसांवर होता. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. त्यांनी ते पाहिलं नाही.

पौलाच्या त्या पत्रातला पुनरुत्थानाचा अध्याय खूप लांब आहे, ५८ वचनांचा. एवढं सगळं आभाळ उघडून झाल्यावर तो शेवट कशावर करतो माहितीये? कामावर. म्हणून खंबीर राहा, काम करत राहा, ते वाया जाणार नाही, अशा अर्थाचं. मला आधी हा शेवट अगदीच फिका वाटला होता. केडगावला त्या छापखान्याबद्दल वाचलं तेव्हा तो कळला. मरण हा शेवट असेल तर आपल्या हयातीत न संपणारं काम हातात घेणं मूर्खपणाच आहे. तो शेवट नसेल, तर अर्धवट राहिलेलं कामही पेरलेलं असतं.

उलटी बाजूही येशूनं एका गोष्टीत सांगितलीय. एका शेतकऱ्याला भरघोस पीक येतं. आपल्याकडची भाषा लावायची तर, कांद्याला भाव मिळालाय आणि जुनी चाळ पुरत नाही. तो ठरवतो, ही पाडून मोठी बांधू, मग पुष्कळ वर्षं खाऊ-पिऊ. त्याच रात्री त्याला बोलावणं येतं. देव त्याला मूर्ख म्हणतो. पीक आलं म्हणून नाही, चाळ बांधली म्हणूनही नाही. ‘पुष्कळ वर्षं’ हा आकडा त्यानं स्वतःच्या खात्यावर परस्पर धरला म्हणून. रांजणगावला नाहीतर कुरकुंभला एमआयडीसीत जमीन गेली, आलेल्या पैशात गाडी आली, आणि तीन वर्षांत गाडीही गेली, अशी घरं तुमच्या गावात असतील तर ही गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

स्पर्धा परीक्षेवाल्यांना यात वेगळं काही ऐकू येईल. ‘आधी पोस्ट निघू दे, मग जगू’ हेही तेच खातं आहे.

आता माझं थोडं. दौंडला रेल्वेमुळे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती जुनी आहे. त्यातल्याच एका घरातला मुलगा आमच्याबरोबर शटलनं पुण्याला यायचा. सेकंड इयरला असताना सोलापूर हायवेवर त्याची गाडी घसरली. ग्रुपवर दीड तास ‘आरआयपी’ येत राहिले, मग कुणीतरी प्रॅक्टिकलची तारीख विचारली. दफनाला आम्ही आठ-दहा जण गेलो. लोक खड्ड्यात मूठमूठ माती टाकत होते. आपण टाकायची असते की नाही, आपल्यात असं नसतं, म्हणून मी हात मागे बांधून उभी होते. त्याच्या आजीनं माझा हात ओढून त्यात माती ठेवली. म्हणाली, “टाक गं बाळा. पेरतोय आपण त्याला.” आणि मग ती इतकी रडली की दोघींनी धरून तिला बाजूला नेलं.

विश्वास असला की दुःख होत नाही, असं मला कुणी आता सांगू नये. लाजराच्या कबरीपाशी येशूही रडला होता, आणि तेही त्याला आपण उठवणार हे माहीत असताना.

तो मुलगा शनिवारी कॉलनीतल्या सहा पोरांना गणित शिकवायचा, फुकट. हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. मी चार महिने जाऊन शिकवलं, मग परीक्षा आली आणि सोडलं. हे सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवं. कारण नंतर कुणीतरी दुसऱ्यानं तो वर्ग घेतला, मग आणखी कुणीतरी. त्या सहातली एक मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, आणि शनिवारी धाकट्यांना तीच बसवते. मी हे पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून सांगत नाहीये. त्या आजीला मी तसं म्हटलं असतं तर ती चिडली असती. तिला आठवण-वारसा असलं काही नकोय. तिला नातू हवाय, त्याच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेसकट. ती त्याचीच वाट बघतेय.

मी विश्वास ठेवते का? अजून नाही, नीटसा नाही. थोमाच्या रांगेत आहे म्हणा. पण ईस्टरला आजी पहाटे अंधारातच दफनभूमीत जाते, मेणबत्त्या घेऊन, आणि उजाडेपर्यंत गाणी म्हणत थांबते. गेल्या वर्षी तिनं विचारलं होतं, येतेस का. तेव्हा काहीतरी कारण सांगितलं. यंदा शनिवारी संध्याकाळच्या शटलनं दौंडला जातेय. आजीनं फोनवर बजावलंय, स्वेटर आण, पहाटे भीमेवरून वारं येतं.