नुकसानभरपाईची वाट (७) : मौनाची मुदत

आज गॅरेजवाल्याच्या एस्टिमेटवर लिहायचं ठरलं होतं. पण कराडहून एका काकांचं पत्र आलंय. मुलगी कॅलिफोर्नियात शिकते. कॅम्पसवर झाडाची फांदी पडून गाडीची काच फुटली. मागच्या भागात सांगितलं तसा दावा तिनं महिन्याभरात हातोहात दिला, पोच घेतली. दोन महिने उलटले, उत्तर नाही. ‘पाठपुरावा करायला सांगू का?’

विद्यापीठ कुठलं ते पत्रात नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांची दोन घराणी. १८६८ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिसवाल्यांना, १८७९ पासून राज्यघटनेतच वेगळं स्थान आहे. शासकीय दाव्यांच्या कायद्यानं तिच्या रीजंट्सना, म्हणजे नियामक मंडळाला, स्पष्ट शब्दांत वगळलंय. दुसरं घराणं कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं. त्याला तो कायदा लागू. गाडी, लॅपटॉप, सायकल यांचं नुकसान झालं तर सहा महिन्यांत लेखी दावा द्यायचा आणि विद्यापीठानं ४५ दिवसांत निर्णय घ्यायचा.

आणि नाही घेतला तर? आपल्याकडे मौन म्हणजे संमती. तिथे मौन म्हणजे नकार! ४५ दिवस गप्प गेले, मुदत लेखी वाढवून घेतलेली नाही, की दावा फेटाळला असं कायदाच धरून चालतो. ३ मार्चला दावा दिला असेल, तर १७ एप्रिल सरल्यावर कोर्टाचं दार उघडं. कुणाच्या सहीची वाट बघायला नको.

पण खरी गंमत पुढे आहे. नकाराचं रीतसर पत्र आलं, तर ते पोस्टात पडल्यापासून कोर्टात जायला सहाच महिने. पत्र आलंच नाही, तर नुकसान झालं त्या दिवसापासून दोन वर्षं. बोलका नकार महाग, मुका स्वस्त.

हे मी फी भरून शिकलोय. पार्किंगचा दांडा माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर आदळला, तेव्हा मी दावा दिला आणि सवयीनं पाठपुरावा सुरू केला. दर सोमवारी फोन. बाबांनी तहसील कचेरीत अशीच कामं करून घेतली होती. माझंही झालं! चाळिसाव्या दिवशी दोन ओळींचा नकार घरी हजर. खाली सहा महिन्यांची तंबी. रागारागानं ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. पुन्हा हाताला लागलं तेव्हा आठवा महिना चालू होता. बॉनेटचा पोचा अजून आहे.

तेव्हा काका, मुलगी ‘स्टेट’ घराण्यात असेल तर फोन नको. स्मॉल क्लेम्स कोर्टाचा अर्ज भरायला सांगा. एकट्या माणसाला साडेबारा हजार डॉलरपर्यंत मागता येतात, फी तीस ते पंचाहत्तर डॉलर, आणि सुनावणीत दोन्हीकडून वकील नाही. अर्जातच विचारलेलं असतं : समोर सरकारी संस्था आहे का? असल्यास आधी दावा कधी दिला? पोचेवरची तारीख तिथे लिहायची.

आणि यापुढे कुणीही दावा दिलात, की त्याच संध्याकाळी कालनिर्णयवर पंचेचाळिसावा दिवस मोजून गोल करा.

एस्टिमेट पुढच्या आठवड्यात. यावेळी नक्की.