कुलूप लावून खेळलेली मॅच

१२ मार्च १९४४. रविवारची सकाळ, ११ वाजलेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम नावाचं एक शहर आहे. या वेळेला तिथली बहुतेक माणसं चर्चमध्ये असतात. अशा वेळी मागून आणलेल्या मोटारींमधून काही गोरी मुलं आडवळणाच्या रस्त्यानं एका कॉलेजच्या जिमखान्यापाशी येतात. डोक्यावरून जॅकेट ओढून झटकन आत शिरतात. दाराला आतून कुलूप लागतं. प्रेक्षक नाहीत, चिअरिंग नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीही नाही.

काय चाललं होतं आत? बास्केटबॉलची मॅच. हो, फक्त मॅच! पण तेव्हा त्या राज्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र खेळायला बंदी होती. आलेली मुलं ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलची. समोर होती ‘नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज’ची टीम. बातमी फुटली असती तर खेळाडूंच्या जिवावर बेतलं असतं. कोचची नोकरी तर नक्कीच गेली असती. तरीही ही मॅच होऊ देणारा कोच होता २८ वर्षांचा जॉन मॅक्लेंडन.

हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. पण फास्ट ब्रेक तुम्हाला माहितीये, फुल कोर्ट प्रेसही माहितीये. आज आपल्या इंटरकॉलेजिएटमध्येही सर्रास दिसणारा हा वेगवान खेळ घडवणाऱ्यांत या माणसाचं नाव पहिल्या फळीत येतं.

मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५चा, कॅन्सस राज्यातला. १९३३मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेले. तिथे प्राध्यापक कोण होते माहितीये? जेम्स नाइस्मिथ! १८९१मध्ये ज्यांनी बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला, ते नाइस्मिथ. मॅक्लेंडन थेट त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, तुम्हीच माझे मार्गदर्शक व्हायचं, असं वडिलांनी सांगितलंय. नाइस्मिथ सरांनी हसत त्यांना ठेवून घेतलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, अन्यायच तो. खेळ ज्यांनी शोधला त्यांच्याच हाताखाली हा मुलगा शिकत होता. पण विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला जागा नव्हती, कारण त्वचेचा रंग. सिलेक्शनमध्ये आपलं नाव आलं नाही की आपण आठवडाभर रुसून बसतो. इथे तर ट्रायलच नव्हती! मॅक्लेंडन यांनी मग खेळ शिकवायचं ठरवलं. बॉल जिथे असेल तिथेच प्रतिस्पर्ध्याला गाठायचं, अर्ध्या कोर्टात वाट बघत बसायचं नाही, हे नाइस्मिथ यांच्याकडून घेतलेलं सूत्र त्यांनी आयुष्यभर वापरलं. त्यासाठी पोरांकडून दमछाक होईस्तोवर धावून घेतलं.

त्या रविवारी हेच दिसलं. सुरुवातीला दोन्हीकडची मुलं घाबरलेली होती, साधे पास चुकत होते. मग मॅक्लेंडन यांच्या पोरांनी पळायला सुरुवात केली. स्कोअर ८८-४४! म्हणजे बरोबर दुप्पट. पण खरी मजा पुढे आहे. थोडी विश्रांती झाल्यावर मुलं पुन्हा खेळली, या वेळी टीम मिक्स करून. एका टीमनं शर्ट घातलेले, दुसरी उघडी. रंगावरून बाजू ओळखायची सोयच राहिली नाही. आणि हे गुपित जवळपास ५० वर्षं तसंच राहिलं. १९९६मध्ये स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारानं त्यावर लिहिलं, तेव्हा ते जगाला कळलं.

एवढी मॅच जिंकून ती कुठे सांगताही येत नाही, हे किती जड गेलं असेल, विचार करा. मग हा कोच पुढे काय करतो? दारं उघडायच्या मागे लागतो. कृष्णवर्णीय कॉलेजांना मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रवेश नव्हता. १९४६मध्ये त्यांच्यासाठी सीआयएए ही वेगळी स्पर्धा उभी राहिली. ती सुरू करणाऱ्यांत मॅक्लेंडन होते आणि पहिलं विजेतेपदही त्यांच्याच टीमचं. पण वेगळ्या पंगतीवर ते समाधानी नव्हते. एनएआयए या राष्ट्रीय संघटनेची स्पर्धा सगळ्यांना खुली व्हावी, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पत्रं, बैठका, पुन्हा पत्रं. १९५०च्या दशकात ते दार उघडलं.

पुढे ते टेनेसी ए अँड आय कॉलेजचे कोच झाले. कॅन्सस सिटीतल्या स्पर्धेचं आमंत्रण आलं, तेव्हा त्यांनी अट घातली. बाकीच्या टीम ज्या हॉटेलांत उतरतात, तिथेच माझी मुलं उतरतील. नाहीतर आम्ही येत नाही. आयोजकांना ते मान्य करावं लागलं. त्यानंतर १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं याच टीमनं एनएआयएचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे ते पहिलेच कोच.

१९६६मध्ये क्लीव्हलंड स्टेट या गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या विद्यापीठानं त्यांना मुख्य कोच नेमलं. अशा विद्यापीठात हे पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय कोच. १९६८ आणि १९७२च्या अमेरिकन ऑलिम्पिक टीमच्या प्रशिक्षकांमध्येही ते होते. उतारवयात ते क्लीव्हलंड स्टेटलाच क्रीडा विभागाचे सल्लागार म्हणून परतले. १९९९मध्ये ते गेले. हॉल ऑफ फेमनं त्यांना १९७९मध्ये घेतलं होतं, पण ‘योगदान देणारे’ म्हणून. ‘कोच’ म्हणून तोच मान मिळायला २०१६ साल उजाडलं. आज त्यांच्या नावानं क्रीडा प्रशासन शिकू इच्छिणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे टीम कुठे उतरणार, कोण खेळणार, हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसू पाहणाऱ्यांना.

ही खुर्ची आपल्याही कॉलेजात असते बरं का! जिमखान्याच्या ऑफिसात रजिस्टर, भत्त्याची बिलं आणि फुटक्या बॉलच्या ढिगाऱ्यात बसलेले सर किंवा मॅडम आठवतायत? पुढच्या वेळी टूरला निघालात की त्यांना विचारा, आपल्या राहण्याची सोय कुठे केलीये आणि त्यासाठी किती फोन करावे लागले. मुलींच्या टीमला कोर्ट कुठल्या वेळी मिळतं, तेही विचारा. उत्तर पटलं नाही, तर पहिलं पत्र तुम्हीच लिहा.