पोरगा आळशी आहे, हे कुणी ठरवलं?

वाडीत कोणत्या केळीला कधी पाणी दिलं, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती पैसे अडकले, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला मात्र गणिताची वही कुठे ठेवली ते आठवत नाही. गृहपाठ केलेला असतो, पण बाईंना द्यायचा राहतो. चाचणी परीक्षा आहे हे आदल्या रात्री कळतं, तेही शेजारच्या पोराकडून. मग आपण म्हणतो, "कामचुकार आहे लेकाचा. मोबाईल तेवढा बरोबर सापडतो!"

शेतकरी बंधूंनो, हा शिक्का मारण्यापूर्वी जरा थांबा. कामाचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे, ठेवलेली वस्तू ध्यानात ठेवणे ही सारी मेंदूची कामे आहेत आणि मेंदूचा तो भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. मुलगा उंचीने बापाच्या बरोबरीला आला म्हणून त्याची घडीही तेवढी बसली असे धरू नये. कोवळ्या राजेळीची सुकेळी होत नाहीत, हे आगाशीकरांना मी काय सांगावं!

मग करायचं काय? दप्तर रात्री जेवणानंतर भरायचं आणि दाराजवळच्या एकाच खुंटीला लावायचं. सकाळी फुलांची तोडणी, गाडीची घाई, त्यात वही शोधत बसलात तर भांडणच होणार. परीक्षेच्या आणि वह्या देण्याच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा, आणि त्या त्यालाच लिहायला लावा. "धडा पूर्ण कर" असं सांगून काही होत नाही. "हे दोन प्रश्न लिही आणि मला दाखव" असं सांगितलं तर हात चालतो. रविवारी सगळं दप्तर ओटीवर ओतायला सांगा. चुरगळलेले कागद, मागच्या महिन्याची सूचना, पेरूची साल, काय वाट्टेल ते निघेल. हसा, पण ओरडू नका. तुम्ही समोर बसायचं, दप्तर त्याने लावायचं. आईने भरून दिलं की तो कधीच शिकत नाही.

आणखी एक. "अभ्यास होत नसेल तर सोड शाळा, ये वाडीत माती उपसायला," ही धमकी आपल्याकडे सर्रास ऐकू येते. वाडीकाम म्हणजे नापासाची शिक्षा असं मुलाच्या मनात बसलं, तर शाळाही जाते आणि वाडीही. जमिनीला गिऱ्हाईक दारात उभंच आहे.

पण काही मुलांचं दुखणं निराळं असतं. तोंडी विचारा, धडाधड उत्तरं देतो. वाचायला सांगा, अडखळतो. अक्षरं गाळतो, फळ्यावरचं उतरवताना आकडे उलटसुलट करतो. घरी सामवेदी, वाडवळी किंवा आगरी आणि शाळेत इंग्रजी असली तर सुरुवातीला थोडं अडणारच, ते वेगळं. मात्र सातवी-आठवीपर्यंत हेच चालू राहिलं तर तपासणी करून घ्या. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. या मुलांची बुद्धी चांगली असते. काहींचं लक्षच एका जागी टिकत नाही, तोही आजारच आहे, वात्रटपणा नव्हे. मुलगी असेल तर ती गप्प बसून राहते, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यास महाराष्ट्र सरकारने 1996 साली सुरुवात केली. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी अशा त्या सवलती आहेत. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. तरीही दहावीचा फॉर्म भरताना पालक जागे होतात, तेव्हा वेळ गेलेली असते. सरपंचांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनी हा विषय बैठकीत काढावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा विचारायला संकोच कशाचा?

प्रमाणपत्रासाठी मुंबईत शीव किंवा नायर रुग्णालयात जाता येते. दादरला फुलं घेऊन जाणाऱ्याला शीव काही लांब नाही, पण एका खेपेत काम होत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणिताची. म्हणून नववीतच सुरुवात करा. शाळेचं पत्र, गुणपत्रिका आणि मुलाच्या वह्या सोबत न्या. खाडाखोडीची वही घरी ठेवून चांगली तेवढी नेऊ नका. डॉक्टरांना ती खाडाखोडच पाहायची असते.