सेकंडचा चाकू : समज आणि वस्तुस्थिती

कारखान्याच्या अखेरच्या तपासणीत अव्वल म्हणून मंजूर न झालेला, पण मोडीतही न घातलेला घडीचा चाकू जेव्हा कमी किमतीस विक्रीला निघतो, तेव्हा त्याच्याविषयी ग्राहकांत दोन टोकांची मते आढळतात : एका पक्षास तो निव्वळ टाकाऊ जिन्नस वाटतो, तर दुसऱ्यास तो अर्ध्या मोलात पदरात पडलेला अव्वल माल वाटतो. दोन्ही मते चाकूची घडण न पाहता बनलेली आहेत. गिरणीच्या दुकानातून सेकंडचे धोतर वा लुगडे घेणाऱ्या पिढीला हा व्यवहार ठाऊक आहे. कापड उजेडावर धरले की तुटलेला धागा दिसतो आणि सौदा ठरतो. घडीच्या चाकूत मात्र हलणारे अवयव असल्यामुळे नजरेला खुपणारा दोष पुष्कळदा निरुपद्रवी असतो आणि खरा उपद्रवी दोष हाताला जाणवेपर्यंत लपून राहतो.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की सेकंडच्या चाकूचे पोलाद हलके असते. वस्तुतः पत्र्यातून पाती कापणे, ती भट्टीत लाल करून झटकन थंड करणे, म्हणजे आपल्या लोहारांच्या बोलीत त्यांना पाणी देणे, आणि मग मंद आचेवर ठेवून त्यांचा ठिसूळपणा घालवणे, ही कामे एकेका खेपेस कितीतरी पात्यांवर एकदम होतात, आणि त्यातले कोणते पाते पुढे अव्वल ठरेल व कोणते सेकंडात जाईल, हे त्या घटकेस कोणालाच ठाऊक नसते. आयडाहो राज्यातील पोस्ट फॉल्स येथील बक कंपनी आपले ४२०एचसी जातीचे पोलाद रॉकवेल मापावर सुमारे ५८ इतके कठीण करते. त्याच खेपेतील एखाद्या पात्यावर पुढे ओरखडा उमटला म्हणून त्या काठिण्यात तिळमात्र फरक पडण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. शेवटची धार लावताना दगड वा पट्टा फार तापला, तर धारेची अगदी अरुंद कड जळून मऊ होते, आणि नवा चाकू दोन दिवसांत बोथट झाल्याची तक्रार येते. हा दोष अव्वल मालातही आढळतो. दोन-चार वेळा दगडावर व्यवस्थित धार लावली की जळलेला भाग निघून जातो आणि खाली चांगले पोलाद लागते.

सेकंड म्हणजे वापरून परत आलेला माल, हीही समजूत चुकीची आहे. परत आलेल्या वस्तूंचा बाजार निराळा असतो. सेकंडचा चाकू सामान्यतः कोणाच्या खिशात गेलेलाच नसतो.

आता दोष कोणते, ते पाहू. बहुतांश दोष केवळ रूपाचे असतात : झिलई असमान, पात्यावरील अक्षरे तिरपी, धारेची उतरण एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद, मुठीच्या दोन बाजूंचा रंग विसंगत. यांतील शेवटचा दोष हाडाच्या वा शिंगाच्या मुठीत मी दोष मानीतच नाही, कारण निसर्गाने दोन हाडे एकसारखी घडवलेली नसतात. सांबराची गळून पडलेली शिंगे एके काळी आपल्या देशातून परदेशी चाकूंच्या मुठींसाठी जात असत. पुढे भारत सरकारने ती निर्यात बंद केली, सबब तशा मुठीचा जुना चाकू आज एका बाजूस गडद आणि दुसऱ्या बाजूस फिकट असला तरी शौकीन तो आनंदाने घेतात. मात्र रिव्हेटपासून निघालेली केसासारखी बारीक चीर ही रूपाची बाब समजू नये. हाड कोरड्या हवेत आकसते, आणि आज नखाला न लागणारी चीर वर्षभरात काठापर्यंत पोहोचते.

रूपाच्या आणि बांधणीच्या दोषांची सर्वाधिक गल्लत होते ती वाकड्या दिसणाऱ्या पात्याच्या बाबतीत. पेन्सिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे १९०५ पासून चाकू घडवणाऱ्या केस कंपनीचा ६३१८ क्रमांकाचा चाकू घ्या. त्यातील ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा घाटाचा क्रमांक. ही तीन पाती दोनच कमानींवर बसलेली असतात, आणि एका अरुंद खोबणीत शेजारी शेजारी मिटावीत म्हणून कारागीर त्यांना बुडाशी जाणीवपूर्वक किंचित बाक देतो. नवखा ग्राहक पाते उघडून मुठीच्या रेषेशी ताडून पाहतो, ते तिरपे दिसताच हाच तो दोष असे ठरवतो आणि खरा दोष असेल तर तो पाहावयाचे राहून जाते. बाक पुरेसा नसेल तर पाती एकमेकांना घासतात, आणि काही दिवसांच्या वापरात पात्याच्या अंगावर लांबट, मळकट रेघ उमटते. चाकू मिटून दोन पात्यांमधून पातळ कागद सरकवून पाहावा. जेथे तो अडकेल तेथे घर्षण आहे असे समजावे.

बांधणीची परीक्षा अशीच हातांनी करावयाची असते. मिटलेला चाकू खिडकीसमोर धरावा आणि पाठीची कमान व पितळी अस्तर यांच्यामधून उजेडाची रेघ दिसते का, ते पाहावे. दिसली तर चाकू मोडेल असे नाही, पण त्या फटीत ओल आणि केर साचतो. पाते सावकाश मिटावे. कमान सशक्त असेल तर शेवटच्या अंतरात ती पाते स्वतः ओढून घेते आणि स्वच्छ आवाज होतो. ज्याचे पाते अर्ध्यावर ढिले पडते, तो चाकू कितीही देखणा असला तरी घेऊ नये, कारण ज्या चाकूला लॉक नाही त्यात पाते बोटांवर मिटू न देण्याचे काम एकट्या कमानीवर असते. मिटलेल्या चाकूतून पात्याचे टोक वर डोकावत असेल, तर ते खिसा फाडते आणि बोटही. लॉक असलेल्या चाकूत उघड्या पात्याच्या पाठीवर, बोटे धारेच्या वाटेत न ठेवता, बेताने दाब दिल्यावर लॉक निसटला, तर तो चाकू सेकंड म्हणूनही विकला जाता कामा नये. तो विनाविलंब परत करावा.

घरी सर्व दोष काढता येतात, हा हौशी मंडळींचा समज. असमान धार दगडावर सुधारते. स्क्रूने जोडलेल्या चाकूत पाते मधोमध नसेल तर बिजागरीचा स्क्रू थोडा सैल वा घट्ट करून बहुधा निभावते. रिव्हेटने बंद केलेल्या जुन्या पद्धतीच्या चाकूत हा मार्ग नाही. तेथे हातोडी चालवणे हे कसबी माणसाचे काम आहे, आणि कमकुवत कमानीवर तर घरगुती इलाजच नाही.

हमीविषयी मात्र खरेदीपूर्वीच खातरजमा केली पाहिजे. अव्वल मालावरील आजन्म हमी सेकंडला लागू असतेच असे नाही. अनेक ठिकाणी ती पूर्णतः नाकारलेली असते आणि माल परत घेण्याची मुभाही नसते, म्हणून शर्तींचा मजकूर शब्दशः वाचावा. काही कारखाने पात्यावर फुली किंवा छोटा ठिपका कोरून हा निर्णय कायमचा नोंदवून ठेवतात, आणि माझ्या मते हीच प्रामाणिक पद्धत होय, कारण पुढे तो चाकू तिसऱ्या हातात गेला तरी त्याची पत लपत नाही.

ती खूण घासून चाकू अव्वल म्हणून विकण्याचे प्रकार टाळण्यासाठी जुना चाकू घेताना पात्याच्या बुडावरील शिक्का भिंगाखाली पाहावा. केस कंपनीने १९७० मध्ये शिक्क्यात दहा ठिपके घालण्यास आरंभ केला आणि पुढे दर वर्षी एकेक ठिपका कमी केला, त्यामुळे त्या दशकातील चाकूचे साल ठिपके मोजून कळते. ठिपके पुसट झालेले असतील आणि तेथील पोलाद त्याच चाकूच्या दुसऱ्या पात्याच्या बुडापेक्षा पातळ लागत असेल, तर तेथे कोणीतरी कानस वा पट्टा चालवला आहे असे धरून किंमत सेकंडचीच सांगावी.